सीटखालचं पिवळं जॅकेट

दार लोटलेलं होतं, पण भांडण ऐकायला उघडं दार लागत नाही. आत माझा थोरला आणि धाकटी एका जॅकेटवरून जुंपले होते. विमानात प्रत्येक सीटखाली असतं ना, पाण्यात पडलो तर तरंगवणारं पिवळं लाइफ जॅकेट, तेच. थोरल्यानं प्रवासात ते गुपचूप बॅगेत घातलं होतं, पोराला पोहायला म्हणून. आणि धाकटी त्याच कंपनीच्या विमानांवर कामाला!

"एका जॅकेटनं काय विमान बुडणार आहे?" थोरला म्हणाला.

"विमान नाही रे दादा. त्या सीटवरचा माणूस बुडेल."

तिनं ते घेतलं आणि ऑफिसात नेऊन दिलं. झालं, साहेब लागले विचारायला, तुझ्याकडे आलंच कसं? तिनं भावाचं नाव घेतलं नाही. मी थोरल्याला म्हटलं, जा, कबूल कर, बहिणीची नोकरी चाललीय. तर म्हणे, माझी अब्रू जाईल. ह्याची ती अब्रू, आणि तिची काय फडकं? तिला घरी बसवलं, आणि परत घेतलं तेही उपकार केल्यासारखं. तिनं शिकवलेल्या मुली वरच्या जागेवर गेल्या, ही शेवटपर्यंत विमानाच्या मागच्या दाराशी. परत आणून देणारीच चोर! थोरल्यानं आजतागायत तोंड उघडलेलं नाही. सणसणीत एक वाजवायला हवी होती, पण माझा हात उठेतो त्याला टक्कल पडलं होतं.

तेव्हापासून प्रवासी चढायच्या आत ती प्रत्येक सीटखाली हात घालून चाचपायची. बाकीच्या नुसत्या वाकून बघायच्या. जॅकेट लांबवून त्याची रिकामी पिशवी सीटखाली तशीच ठेवणारे महाभाग असतात, म्हणून हिचा डोळ्यांवर विश्वास नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिनं मलाही विमानात बसवलं. माझ्या शेजारी खिडकीशी एक गृहस्थ, बूट असे चकचकीत की तोंड दिसावं. विमान वर गेलं, मला जरा डुलकी लागली, तेवढ्यात फस्सकन आवाज झाला. बघते तर गृहस्थांच्या मांडीवरची बॅग टम्म फुगलेली आणि पिवळा फुगा थेट हनुवटीपर्यंत! जॅकेट कोंबताना ते फुगवायची दोरी बॅगेच्या चेनमध्ये अडकून ओढली गेली होती. वर तोंड करून म्हणतो कसा, तिकीट काढलंय, एवढं नेलं तर काय बिघडलं. माझं डोकंच फिरलं.

धाकटी आली. जॅकेट सोडवून घेतलं, फुगलेलं आता बाद झालं म्हणाली. पुढे जाऊन कॅप्टनच्या कानावर घातलं आणि मागच्या कपाटातून नवं घेऊन आली.

मी तिचा कोट ओढला. "ह्याला कशाला देतेस? बसू दे तसाच."

"आई, पाय जरा बाजूला घे," ती म्हणाली.

गुडघ्यांवर बसून तिनं नवं जॅकेट त्याच्या सीटखाली सरकवलं, हातानं चाचपून पाहिलं. मग माझ्या सीटखालीही हात घातला.