सासूबाईंना दिराचाच संशय

ज्या रहस्यकादंबरीत शेवटी खरोखरचं भूत निघालं, तिला मी सरळ नापास करत असे. खुनी सापडला नाही की लेखक भूत पकडून आणतो, असं मी एका परीक्षणात लिहिलंही होतं, आणि त्या लेखकानं संपादकांकडे माझी तक्रार केली होती. तेव्हा माझा असला अनुभव छापून आलेला पाहून ओळखीचे लोक हसणार, हे मला माहीत आहे. हसू देत. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही... फक्त जे घडलं त्याचं करायचं काय, ते कळत नाही म्हणून लिहिते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची. ह्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि आम्हाला घर मिळालं ते बागबाजारात, गंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि हिरव्या झडपांचा लांबट व्हरांडा. ह्यांची नोकरी ऑडिटची. सकाळी जेवून ट्रामनं डलहौसी चौकातल्या कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परतायचे, आणि महिन्यातले निम्मे दिवस दौरा. शहरात मराठी माणसं होती, पण बहुतेक दक्षिणेला, भवानीपूरकडे. गणपतीला आणि संक्रांतीला गाठ पडायची, तेवढीच. गल्लीतली पोरं आम्हाला ‘बर्गी’ म्हणायची. मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्या त्या भागात कुणी विसरलं नव्हतं. आम्ही वरणभात खाणारी तीन माणसं, कुणाला लुटणार!

तिसरं माणूस म्हणजे आई, माझ्या सासूबाई. सासू-सुनेच्या गोष्टी मीही पुष्कळ ऐकल्या आहेत, पण परमुलुखात दोघींना एकमेकींशिवाय बोलायला कुणी नसेल ना, तर भांडण परवडत नाही. आईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी मुंबईच्या एका मासिकासाठी नव्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं लिहायचे. पार्सल आलं की दुपारची झाकपाक करून मी व्हरांड्यात बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. आई खाटेवर डोळे मिटून ऐकायच्या. झोपल्या असं वाटून मी आवाज कमी केला की लगेच, “वाच की गं, गिळतेस काय शब्द?”

त्या काळी बऱ्याच पुस्तकांची पानं बाहेरच्या कडेला जोडलेलीच यायची, ती आपण कापून घ्यायची. आमची पद्धत अशी की शेवटची पानं कापायची नाहीत. तिथवर आलं की पुस्तक मांडीवर पालथं घालायचं आणि विचारायचं, “बोला आई, कुणी केला?” आईंनी नाव सांगितलं की मग मी सुरी उचलायची. आईंनी बरोबर ओळखलं तर पुस्तक बेताचं. आई चुकल्या तर चांगलं. आणि आई फार वेळा चुकायच्या, कारण त्यांचा संशय ठरलेला होता. गोष्टीत कुणाचा धाकटा दीर असला की खून त्यानंच केलेला! त्यांच्या स्वतःच्या धाकट्या दिरानं त्यांना घराबाहेर काढलं होतं, त्याचा हिशोब त्या कादंबऱ्यांत चुकता करत होत्या. मी म्हणायचे, “अहो, त्याला पाचव्या प्रकरणातच मारलाय.” तर म्हणायच्या, “ते सोंग असतं. दीर असे मरत नाहीत.”

नव्या लेखकांचं मी काही फार कौतुक करत नसे. मुंबईच्या उन्हाळ्यात ओव्हरकोट घालून हिंडणारे गुप्तहेर, कपाटामागचं भुयार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ऐन वेळी उगवणारा जुळा भाऊ. पण एखादा लेखक असा निघायचा की शेवटचं पान होईपर्यंत आम्हा दोघींचा चहा निवून जायचा. परीक्षणाखाली नाव माझं असे, पण निकाल खाटेवरून लागलेला असायचा.

खाली तळमजल्यावर मासीमा राहायच्या, घरमालकांच्या विधवा मावशी. आईंच्याच वयाच्या, पांढऱ्या साडीतल्या, ठार बहिऱ्या. कानाशी ओरडलं तरी त्यांना ऐकू येत नसे, माणसं हातवारे करून बोलायची. आई मात्र रोज थोडा वेळ त्यांच्याकडे खाली जाऊन बसत. मासीमा अडकित्त्यानं सुपारी कातरीत बंगालीत बोलायच्या, आई मराठीत. दोघींचंही मासळीशी वाकडं, त्यामुळे मासीमांच्या चुलीवरचं काहीबाही वाटीतून वर यायचं. “काय बोलता हो तुम्ही इतकं?” असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाल्या, “सगळं बोलतो. तिचाही दीर तसलाच आहे.” हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

मग एका हिवाळ्यात आईंना न्यूमोनिया झाला आणि चारसहा दिवसांत सगळं संपलं. हे दौऱ्यावर होते. तार मिळून पोचेपर्यंत आईंची शुद्ध गेलेली होती, मायलेकांचं बोलणं झालंच नाही. आणि आमच्या दोघींचं एक पुस्तक अर्धवट राहिलं.

त्यानंतरच्या दुपारी मी कशा काढल्या ते मलाच माहीत. सकाळी ह्यांच्याशी दोन शब्द, रात्री दोन शब्द. मधल्या सगळ्या वेळात मराठीचा एक उच्चार कानावर पडत नसे. मी आमटीशी बोलायला लागले होते... “उकळ गं बाई आता” वगैरे. पुस्तकांच्या पार्सलांना मी हात लावला नाही. शेवटी संपादकांचं कार्ड आलं की परीक्षणं पाठवता की दुसरं माणूस बघू? एवढं एकच काम माझं स्वतःचं म्हणून उरलं होतं. मी ते अर्धवट पुस्तक काढलं.

मनात वाचायला गेले तर एक ओळ डोक्यात शिरेना. म्हणून मग मोठ्यानं वाचायला लागले, रिकाम्या खाटेसमोर. हळूहळू घसा मोकळा झाला. न कापलेल्या पानांपाशी आले आणि सवयीनं पुस्तक पालथं घालून म्हणून गेले, “बोला आई, कुणी केला?” आणि मग आपण काय बोललो ते लक्षात आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मासीमा वर येत होत्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत, आई गेल्या त्या दिवशीसुद्धा खालीच रडत बसल्या होत्या. दाराशी येऊन, धापा टाकत म्हणाल्या, “बौमा, तोमार शाशुडी डाकछे.” सूनबाई, तुझी सासू हाका मारते आहे.

माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत मला पुढचं कळलं ते असं. माझी सासू खाली त्यांच्याजवळ बसली होती आणि सारखी म्हणत होती, जा, माझ्या सुनेला सांगून ये, धाकट्या दिरानं केलं, दुधातून दिलं. एवढं सांगून मासीमांनी माझ्याकडे कुतूहलानं पाहिलं. कुणाचा दीर, कसलं दूध, त्यांना पत्ताच नव्हता.

पुस्तकात दीर होता. दुधाचा पेलाही होता. मासीमा गेल्यावर मी सुरीनं पानं कापली, तीही वेडीवाकडी. खून वकिलानं केला होता. आई चुकल्या होत्या!

खरं सांगते, त्यांनी बरोबर नाव सांगितलं असतं तर मी हे सगळं झटकून टाकलं असतं. सर्वज्ञ भुतं मी कादंबऱ्यांत पुष्कळ पाहिली होती. पण मेल्यावरही दिराचाच संशय घेणारं माणूस मला जगात एकच माहीत होतं. मी पदर तोंडात धरून हसले, आणि मग ते हसणं रडण्यावर गेलं.

परीक्षकाची खोड जात नाही. मी तपास केला. मासीमांच्या पाठीमागे उभं राहून पितळी परात आपटली. त्यांचा अडकित्ता थांबलासुद्धा नाही. आणि समजा ऐकू आलं, तरी मराठी? पुढचं पुस्तक मी मुद्दाम मनातल्या मनात वाचलं, तर कुणी वर आलं नाही. त्याच्या पुढचं मोठ्यानं वाचलं, तर शेवटच्या पानांपाशी मासीमा हजर! या वेळी दीर नव्हता, म्हणून आईंचा संशय नवऱ्याच्या मित्रावर गेला होता, “तो फार गोड बोलतो” म्हणून. हेही त्या जन्मभर म्हणायच्या. मासीमांना मी खुणेनं विचारलं, तुम्हाला तर ऐकू येत नाही ना? त्या सहज म्हणाल्या, ऐकू येत नाहीच, पण तुझ्या सासूचं पहिल्यापासून येतं.

ह्यांना सांगितलं. ऑडिटमधला माणूस, कागद दाखवा म्हणणारा. “म्हातारीला भास होतात, आणि तुला एकटेपणा खातोय,” एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता, खाली मान घालून विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणाली का गं आई?”

नव्हत्या म्हणाल्या. मलाही तेच खात होतं. आई यायच्या, पण खुन्याचं नाव सांगायला. माझ्यासाठी एक शब्द नाही! एके दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवून विचारलंच, “आई, तुम्ही बऱ्या आहात ना? मला फार एकटं वाटतं हो.” मासीमा वर आल्या. मी धावत दाराशी गेले. तर निरोप काय? “पुढे वाच.” मला इतका राग आला की दोन दिवस पुस्तकाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी वाचायला बसले, दुसरं करणार काय?

मग ह्यांची बदली नागपूरला झाली. कलकत्त्यात पाऊल टाकल्यापासून मी देवाजवळ हेच मागत होते. माणसं आपल्या भाषेत भांडतात असं एखादं गाव. आणि ऑर्डर हातात आली तर मनात पहिलं आलं ते हेच. आईंचं काय? ह्यांना विचारणार कशी? ते म्हणाले असते, आईच्या अस्थी तर मीच गंगेत सोडल्या.

सामान पुढे गेलं. आईंची खाट आम्ही मासीमांना दिली. निघायच्या दिवशी दुपारी हे टॅक्सी आणायला गेले आणि मी रिकाम्या व्हरांड्यात फरशीवर बसले. म्हटलं, आता तरी निरोप घ्यावा. मोठ्यानं म्हणाले, “आई, आम्ही जातोय. काही सांगायचंय का मला?”

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी. मासीमा दारात उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी खुणेनं विचारलं, काय म्हणाल्या?

मासीमा म्हणाल्या, “आज काही सांगत नाही ती. मलाच विचारते आहे. म्हणते, आता मला कोण वाचून दाखवणार?”

इतके दिवस मी माझ्या एकटेपणाचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडत होते. त्यांच्या एकटेपणाचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. गाडीत वाचायला म्हणून एक नवी कादंबरी पिशवीत ठेवली होती. ती काढली आणि तिथेच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पानं गाळत, प्रकरणं सोडत, धापा टाकत. मासीमा भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग हे जिन्यातून “अगं, चल, हावड्याला पोचायचंय” म्हणाले. पुस्तक अजून निम्मंही झालं नव्हतं. आईंना असं अधांतरी सोडून जायचं माझ्या जिवावर आलं. हाताशी सुरी नव्हती. मी बोटानं फराफरा शेवटची पानं फाडली आणि वाचून टाकलं, “डॉक्टरनं केला हो आई. विम्यासाठी.”

मासीमांनी तिकडच्या रीतीनं मायेनं माझी हनुवटी धरली आणि तीच बोटं स्वतःच्या ओठांना लावली. मग जरा मान कलती करून, ऐकल्यासारखं करून, म्हणाल्या, “रागावलीय तुझ्यावर. म्हणते, सांगायची काय घाई होती, मी ओळखलं असतं.”

टॅक्सीत ह्यांनी विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, काही नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मलाही तिला सांगून निघायचं होतं.”

नागपुरात मी खूप वर्षं परीक्षणं लिहिली. मोठ्यानं वाचलं, थांबले, कुणी आलं नाही. मासीमा पुढे वारल्याचं कळलं. त्या घराचं काय झालं, ठाऊक नाही. एवढ्या कादंबऱ्यांतले खुनी हुडकले, पण एका बहिऱ्या बंगाली म्हातारीला माझ्या सासूचं मराठी कसं समजत होतं, ते मला सोडवता आलेलं नाही आणि आता सुटेल असंही वाटत नाही. भुतांवर विश्वास आहे का असं कुणी विचारलं तर मी आजही ठणकावून नाही म्हणते. पण कलकत्त्यातल्या त्या घरात आईंना मराठी वाचून दाखवणारं कुणी नाही, हे मनात आलं की हातातला घास हातातच राहतो.