रुमालाखालचा शब्द

माझ्या मुलीनं मला फसवलं. आज बैलबाजारात दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून उभे होते. चेहरे कोरे, आणि खाली बोटं दाबून भाव ठरत होता. त्या हलणाऱ्या रुमालाकडे बघता बघता माझं गिऱ्हाईक हातचं गेलं.

मनीषा युरोपातल्या देशांच्या संघाचं राजकारण शिकायला गेली. इतके देश मिळून एक धोरण कसं ठरवतात, यात शिकायचं काय, ते मला कळेना. फोनवर म्हणाली, "बाबा, बाहेर झेंडे आणि भाषणं. खरं ठरतं ते बंद दाराआड. तुमचा रुमालच की."

"मग माझ्याकडंच शिकायचं होतंस. फी घेतली नसती."

ती खूप हसली. ते हसू अजून कानात आहे.

जाताना विमानतळावर मी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला आणि तिची दोन बोटं धरली. दोन वर्षं, मग परत घरी. तिनं माझा हात दाबून होकार दिला. रुमालाखाली दिलेला शब्द आमच्या बाजारात कुणी मोडत नाही.

आता म्हणते, तिथंच नोकरी करणार. मोठ्या प्रश्नावर एका देशानं नकार दिला तरी सगळा संघ अडतो, हे तिनंच मला शिकवलं. मग ती, तिची आई आणि मी, अशा आमच्या तिघांच्या घरात मला कुणी का विचारलं नाही?

रुमाल अजून खांद्यावर आहे. पोरी, फोनवर कारणं सांगू नकोस. इथं ये, याच्याखाली हात घाल आणि सांग, शब्द का मोडलास?