तार नसलेला हात

तुमच्या या सदरात लोकांना पांढऱ्या साडीतल्या बाया दिसतात, रिकाम्या खोलीत पावलं वाजतात, कुणाला ताप भरतो आणि अंगाऱ्यानं उतरतो. मी हे सगळं चहासोबत हसत वाचतो. विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवायला दुसरी जागा सापडली नाही. इतरांना त्या शक्तींनी फार तर घाबरवलं. मला त्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नापास केलं!

साठीच्या दशकाची अखेर. मी अमरावतीला शिकत होतो. माझी नात आज बायोइंजिनिअरिंग शिकते — यंत्र आणि शरीर यांची सांधेजोड. आमच्या वेळी हा शब्द कुणी ऐकला नव्हता. प्रोजेक्ट म्हणजे पंप, नाहीतर पंख्याची मोटर. मी मात्र वर्गात उभा राहून जाहीर केलं, "सर, मी माणसाचा हात बनवणार." पोरं बाकं बडवून हसली. आमचे गाइड सर म्हणाले, "आधी ड्रॉइंगमधली रेघ सरळ काढ."

हात हवा होता माझ्या मामाला. गणपतमामाचं अकोल्याला जुन्या शहरात हाराफुलांचं दुकान. एका वर्षी विहीर आटली, फुलांचा मळा सुकला, म्हणून तो हंगामापुरता कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला गेला आणि डावा हात मनगटापासून मशीनला देऊन आला. हार ओवायचा तर एका हातात फूल लागतं, दुसऱ्यात सुई. मग मामी एकटी ओवायची आणि मामा शेजारी बसून गिऱ्हाइकांशी भांडायचा. स्वभावानं तो आधीच तिखट. आता त्याला दुसरा उद्योगच उरला नव्हता. मधूनच म्हणायचा, "डाव्या हाताची करंगळी खाजून राह्यली." मामी म्हणायची, "मंग जिनात जाऊन खाजवा." डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात गेलेल्या माणसाला असं वाटत राहतं, त्यात विशेष काही नाही. तेवढं मलाही मान्य आहे. माझी तक्रार पुढची आहे.

मी सागवानी हात केला. अंगठा पक्का, समोरची दोन बोटं बिजागरीवर. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली, तिच्या जोरावर मूठ कायम मिटलेली. उघडायची तर सायकलच्या ब्रेकची तार हातातून दंडावर, तिथून पाठीवरून उजव्या खांद्याच्या पट्ट्याला. खांदा पुढे ढकलला की तार ओढली जाणार आणि बोटं उघडणार. कागदावर अतिशय सुंदर. प्रत्यक्षात माझ्या ट्यूबला इतका ताण होता की पहिल्या चाचणीत पान्यानं बोटं फाकवून मुठीत ठेवलेल्या टोमॅटोची चटणी झाली आणि ती माझ्याच शर्टावर उडाली.

संक्रांत झाल्यावर हात घेऊन अकोल्याला गेलो. मामीनं पुरणपोळी केली होती, म्हणून मी घाईत होतो. कातडी खोळ चढवली, पट्टे आवळले, तारेचं काळं कव्हर दंडावरून पाठीवर नेलं आणि म्हटलं, "मामा, खांदा पुढं कर."

मामानं खांदा हलवला. बोटं उघडली.

त्यानं मामीच्या परडीतलं शेवंतीचं फूल उचललं. बोटं मिटली. मी डोळे मिटून घेतले — टोमॅटो आठवला. पण फूल तसंच्या तसं. मामानं उजव्या हातात सुई घेतली आणि फूल ओवलं. मग दुसरं. तिसरं. दहा मिनिटं तो कुणाशीही भांडला नाही. मामी पदर तोंडाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मात्र शेजाऱ्यांना गोळा करून तरफेचा सिद्धांत समजावला, ओवाळून घेतलं आणि पाच पोळ्या खाल्ल्या.

अमरावतीला परत आलो. होस्टेलच्या खाटेखाली माझी हत्यारांची पिशवी होती. तिच्यात ब्रेकची तार होती, गुंडाळलेली, कोरी. ती मी बसवलीच नव्हती. अकोल्याला गेलं होतं नुसतं कव्हर — पोकळ!

पहिल्यांदा मी हसलो. मग घाम फुटला. आणि मग जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. अहो, रात्रंदिवस राबून यंत्र मी करायचं आणि ते चालायचं माझ्या चुकीवर?

पुढच्या रविवारी तार खिशात घालून पुन्हा अकोला गाठलं. मामा दुकानात हार ओवत होता. मी म्हटलं, "मामा, हात काढ. तार बसवायची राहिली."

"चालती गाडी काहून खोलतं बे?"

"अगा, तार नाही त्यात! तार नसली तर उघडूच शकत नाही तो."

मामानं माझ्या नाकासमोर मूठ उघडली, मिटली, उघडली. "आता?"

"कसा उघडतोस?"

"जसा तू उघडतं. मी माहा हात उघडतो, लाकूड संगं येते."

"मामा, तुझा हात नाहीये रे तिथं!"

"हे तू मले सांगून राह्यला का?" मामा दुकानाबाहेरही ऐकू जाईल असा ओरडला. "पुस्तकं वाचून आला शाहणा! माहा हात हाय का नाही, ते मले जास्त मालूम का तुले?"

मी हरलो. तार खिशातच राहिली.

खरा पेच पुढे होता. प्रोजेक्ट पास झालं की मॉडेल कॉलेजात जमा करायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं, असा नियम. दुसरा हात करून ठेवायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज सिनेमाला जात होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामाला अमरावतीला आणलं आणि एस.टी. स्टँडवरच हे सांगितलं. उन्हापेक्षा मामा जास्त तापला.

"म्हणजे तू पास झाला का माहा हात कपाटात?"

"सुट्टीत नवा करून देतो ना."

"लग्नसराई गेल्यावर? मंग पाय बी काढून ने लेका, तेच्यावर अजून एक डिग्री घे."

"आणि मी नापास झालो तर? बाबा मला भातकुलीच्या शेतात कांदे काढायला बसवतील."

"कांदे काढ्याले दोन हात लागते," मामा म्हणाला. "तुह्याजवळ हायेत."

दुसऱ्या दिवशी तो आला खरा, फुलांची पाटी घेऊन. बाहेरून आलेले परीक्षक फार कडक, असं ऐकलं होतं. त्यांच्या स्वागताचा हार बाजारातून यायचा होता, तो आलाच नव्हता, आणि गाइड सर दारात येरझारा घालत होते. मामा म्हणाला, "काहून घाबरता साहेब? आमी कायले हाओत?" आणि प्रयोगशाळेच्या टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर, परीक्षकांसमोर, निशिगंध आणि गुलाबाचा हार ओवला. डाव्या हातानं फूल उचलायचं, धरायचं, सोडायचं, पुढचं उचलायचं. एक पाकळी चुरगळली नाही. परीक्षकांनी कौतुकानं मान वाकवली. मामानं दोन्ही हातांनी हार त्यांच्या गळ्यात घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी डिस्टिंक्शनचा हिशोब करू लागलो.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "आता मेकॅनिझम दाखवा."

गाइड सरांनी पट्टे सोडून हात टेबलावर ठेवला आणि कव्हर उघडलं. आत काहीच नव्हतं.

"वायर कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

"खिशात, सर," मी म्हणालो.

असं खरं बोलण्याची वेळ कुणावर येऊ नये. परीक्षकांनी लाकडी बोटं ओढून पाहिली. उघडेनात. दोन्ही हात लावले, दातओठ खाल्ले, तेव्हा कुठे बोटभर फट पडली आणि सोडताच मूठ खाडकन मिटली. त्यांची करंगळी थोडक्यात वाचली.

"हे मॉडेल चालत नाही," ते म्हणाले.

"सर, पण आत्ता तुमच्या गळ्यात…"

"मी गळ्यातलं तपासत नाही. मी मेकॅनिझम तपासतो. उघडणारी शक्ती कुठून येते ते सांगा."

मी गाइड सरांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

तेवढ्यात मामानं टेबलावरून हात उचलला, उजव्या हातानं आणि दातानं पट्टे आवळले. कव्हर टेबलावरच पडलं होतं. खांद्याशी त्या हाताचा कसलाही संबंध नव्हता. परीक्षकांचं पेन गडगडत कडेशी गेलं होतं. लाकडी बोटं उघडली, पेन अलगद धरलं आणि परीक्षकांसमोर नेलं.

"घ्या साहेब. लिहा जे लिवाचं ते."

परीक्षकांनी त्या हाताकडे पाहिलं. पाहिलंच — मी शपथेवर सांगतो. त्यांचा चेहरा क्षणभर अगदी लहान पोरासारखा झाला. मग त्यांनी पेन घेतलं, "थँक यू" म्हणाले आणि लिहिलं : मॉडेल अपूर्ण. कार्य करत नाही.

गळ्यात हार तसाच होता.

नापास मॉडेल जमा करून घेत नाहीत. मामा आपला हात घालून, रिकामी पाटी डोक्यावर घेऊन कॉलेजच्या फाटकातून अशा रुबाबात बाहेर पडला की जणू विद्यापीठानं त्यालाच पदवी दिली. फाटकाशी मी चिडून विचारलं, "मुद्दाम केलंस ना? एकदा तरी तार बसवू दिली असतीस!"

"आन् मंग नसता चालला तर?" मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "मी तं भेतच होतो ना बे. तुह्या तारेले."

मी वर्षभर कांदे काढले आणि पुढच्या वर्षी पंप करून पास झालो. मामानं त्या हातानं पुढे कित्येक लग्नांचे हार ओवले. मध्ये ट्यूबची पट्टीही कुजून तुटली, ते मामीनं मला गंमत म्हणून सांगितलं. म्हणजे उघडणाराही कुणी नाही, मिटणाराही नाही. मी अनेकांना विचारलं : डॉक्टर, सुतार, दोन प्राध्यापक. कुणी म्हणालं स्नायूंचा धक्का, कुणी म्हणालं तुझी नजरचूक. नजरचुकीचा हार गळ्यात पडतो का? उत्तर मिळालं नाही. आता मिळेल असं वाटतही नाही.

त्या परीक्षकांना मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढे मीच कॉलेजात शिकवू लागलो, परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. आणि आज जर कुणी पोरगा पोकळ कव्हराचा हात घेऊन समोर आला, आणि तो हात माझ्या डोळ्यांदेखत माझ्यासाठी हार ओवू लागला… तर मीही त्याला नापासच करीन. दुसरं काय लिहिणार, तुम्हीच सांगा! चीड आहे ती याचीच.