रिकाम्या गर्भाशयाची तयारी

मे महिन्यात नणंद आमच्याकडे पावसला आली, तेव्हा मी कोणाशी धड बोलत नव्हते. डॉक्टरांनी दोनदा माझ्या पोटात गर्भ सोडला होता, दोन्ही वेळा तो रुजला नाही. तिसरा आणि शेवटचा त्यांच्याकडे गोठवून ठेवलेला. नवरा बोटीवर. त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, "आता पुरे. माझं गर्भाशयच नतद्रष्ट!"

नणंद ऑस्ट्रेलियात संशोधन करते. कशावर, तर उंदराएवढ्या एका प्राण्याच्या गर्भाशयावर! कांगारूच्या जातकुळीतला. सासूबाई शेजारणींना "ती डॉक्टर झाली" एवढंच सांगतात, बाकीचं गिळतात.

दुपारी आंबे अढीत लावून झाले आणि तिने लॅपटॉप उघडून सांगायला सुरुवात केली. एरवी त्या प्राण्याच्या गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं. माज येऊन गेला की ते जाड होतं, रक्तवाहिन्या वाढतात, ग्रंथी भरून येतात. गर्भाभोवती बराच काळ कवच असतं, तोवर तो ग्रंथींच्या रसावर पोसतो. कवच विरलं की थोडे दिवस अस्तराला चिकटतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढा असतानाच जन्मतो. तरी आईच्या केसांतून सरपटत पोटावरची पिशवी गाठतो.

"काय तरी बाई एकेक!" मी थक्कच झाले.

तिने दोन माद्यांच्या गर्भाशयांची चित्रं शेजारी मांडली. "वहिनी, ओळख, गाभण कुठली?"

माझ्या सोनोग्राफ्या पाहून पाहून मी पक्की झालेली. लगेच बोट ठेवलं. "ही. बघ कशी भरून आलीय."

"ह्यात कोणीच नव्हतं," ती म्हणाली. "ह्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं गर्भाशय अशीच तयारी करतं. गर्भ असो, नसो."

माझं डोकं फिरलं. "मला कशाला दाखवतेस गो? जखमेवर मीठ चोळायला?"

"बाईचं सगळं असंच असतं, असं मी म्हणत नाही. पण डॉक्टर तुझ्या अस्तराबद्दल काय म्हणाले होते?"

"छान आहे म्हणाले."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग शिव्या कोणाला देतेस?"

मी त्या चित्राकडे बघत राहिले. एवढंसं जनावर, पण तयारीत कुठे हात आखडता नाही. मला रडू फुटलं. तिने लॅपटॉप मिटला नाही, मलाही तो मिटायला नको होता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला. म्हटलं, "उरलेला एक घ्यायचाय मला."

त्याने विचारलं, "आणि नाही राहिला तर?"

"तर रडेन. पण ह्या खेपेला माझ्या गर्भाशयाला कोणी नावं ठेवायची नाहीत. मीसुद्धा नाही."