ड्रॅगनचं पिल्लू

दोन हजार सालच्या आसपास आम्ही चार मित्र इंदिरानगरच्या एका टपरीवर कागद आणि फासे घेऊन ड्रॅगन मारायचा खेळ खेळायचो. एक मित्र गोष्ट सांगत खेळ चालवायचा, बाकीचे तिघे शिकारी; काय घडलं ते फाशावर ठरायचं आणि कागदावर लिहिलं जायचं. शेजारच्या बाकावर एक काका रोज बशीत चहा ओतून फुंकत बसायचे. नाव कधी विचारलं नाही. त्यांची हयात कातडी कमावण्यात गेली होती, एवढंच ठाऊक होतं.

एकदा ड्रॅगन मेला आणि त्याचे दात, खवले, कातडं कितीला विकायचं यावर आमचा वाद जुंपला. काकांनी बशी खाली ठेवली.

"भाला कुठं मारला?"

"पोटात."

"मग कातडं गेलं. भोक पडलेलं कोण घेतंय?" बशी पुन्हा उचलत ते म्हणाले, "मादी होती का? पिल्लं बघितली?"

आमच्या कुणाच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. खेळ चालवणाऱ्या मित्राने फासा टाकला. "गुहेत एक पिल्लू आहे," तो म्हणाला.

जिवंत पिल्लाला सगळ्यात जास्त भाव होता. पण काकांसमोर ते विकायचं म्हणायला कुणाची जीभ रेटेना. आम्ही ते पाळलं.

त्यानंतर रोज उठताना काका कागदावर वाकून विचारायचे, "पिलाला खायला घातलं का?"

"हो काका," असं म्हणून आम्ही घाईघाईने कागदावर एक शेळी लिहायचो.