मालनबाईंची कात्री

शनिवार, २२ नोव्हेंबर. हजर: मी, लातूरहून. नुसरत, नांदेडची, शिवणकामाचं दुकान सांभाळून. सुगंधा, मूळची किनवटच्या जंगलातली, आता नांदेडला परिचारिका. तिघी पन्नाशीच्या, आणि चाळीस वर्षांपूर्वी किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात एका ओळीत सतरंज्या टाकून झोपणाऱ्या. कामं दोन: तेव्हाच्या अधीक्षिका मालनबाई यांना पुढच्या महिन्यातल्या सत्काराचं आमंत्रण देणं, आणि मानपत्राच्या मजकुराखाली तिघींच्या सह्या घेणं.

लातूरहून साडेपाचची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत नऊच्या सुमारास नांदेड. स्टेशनावर नुसरत माझ्या आधी उभी, हे दिवसाचं पहिलं आश्चर्य.

"तुझ्या धाकानं आले गे," ती म्हणाली. "उशीर झाला असता तर तू वहीत लिहून ठेवलं असतंस."

सुगंधा रात्रपाळी संपवून थेट आली होती. कमरेपर्यंतची वेणी, हातात एक पिशवी, बोलणं नेहमीसारखं थोडं.

किनवटच्या रेल्वेगाडीत मुदखेडनंतर आमचा डबा रिकामा झाला. भोकरला हंगामातली शेवटची सीताफळं मिळाली. मी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, तव्यावर भाजलेल्या भाकऱ्या) आणि शेंगाची चटणी काढायला पिशवीत हात घातला, तर चटणीचं तेल सांडून मानपत्राचा कागद पारदर्शक झालेला. मी दोन प्रती ठेवते, म्हणून निभावलं. दुसरी प्रत नुसरतनं हिसकावली आणि पुढाऱ्याच्या आवाजात मोठ्यानं वाचली:

"'घरापासून दूर आलेल्या आम्हां लेकरांना आपण आईची माया दिली.' वा! कोण मेलं आता रडणार नाही?" आणि तिनं खाली झोकदार सही केली.

सुगंधानं कागद वाचला, घडी घातली आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"ही ओळ असंल तर माझी सही न्हाई."

"का गं?"

"असंच."

खिडकीबाहेर साग सुरू झाला होता. किनवट येईपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली. मला राग आला, खरं सांगते. कारण ती ओळ मी सजावटीसाठी लिहिली नव्हती.

मी आठ वर्षांची असताना, देवणीजवळच्या आमच्या गावात, माझ्या केसांत जट (न सुटणारा गुंता) झाली. घरातली मोठी माणसं म्हणाली, देवीचं बोलावणं आहे, कंगवा लावायचा नाही, पोरगी देवीला सोडायची. सोडायची म्हणजे लग्न नाही, संसार नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. आईनं कुणाला न विचारता मला किनवटला मामाकडे पाठवलं आणि मामानं वसतिगृहात घातलं. दुसऱ्याच सकाळी मालनबाईंनी मला नळाजवळच्या दगडावर बसवलं आणि जटेसकट सगळे केस कात्रीनं उतरवले. देवी कोपेल म्हणून मी आठवडाभर थरथरत होते. कोपली नाही. पुढचं सगळं आयुष्य मला त्या दगडावर मिळालं, असं मी मानते. आमच्या प्रत्येक स्नेहमेळाव्यात मी ही गोष्ट सांगते.

किनवटला उतरून आधी वसतिगृहाकडे गेलो. जुनी इमारत बंद आहे. मुली आता मागच्या नव्या इमारतीत राहतात. नळाची जागा मात्र तिघींनी न बोलता ओळखली. सकाळी प्रार्थनेआधी इथं बादल्यांची रांग लागायची. सागाच्या पानावर गरम उपमा मिळायचा आणि पानाचा तांबडा रंग बोटांना दिवसभर राहायचा.

"मला लई मजा वाटली होती," नुसरत डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "केस कापले तर मी हुबेहूब माझ्या भावासारखी दिसायला लागले. महिनाभर झाडावरनं उतरलेच नाही."

मी हसले. सुगंधा पुढे निघाली होती.

मालनबाईंचं घर गावाच्या टोकाला, अंगणात कढीपत्ता. बाई ऐंशीला टेकल्या आहेत. नजर कमी झाली तरी आवाज तोच. तिघींना जवळ घेऊन, आवाजावरून ओळखून, एकेकीला नावानं हाक मारली. आमंत्रणाचं काम पाच मिनिटांत झालं. मग माझ्यानं राहवलं नाही. जटेची गोष्ट सांगून मी त्यांच्या पायाला हात लावला.

बाई गोंधळल्या. "जट? मला नाही गं आठवत. मला आठवतात त्या उवा. सगळ्या पोरींच्या डोक्यात. एक पोर आली की साऱ्या खाजवायला लागायच्या. जखमा व्हायच्या, ताप यायचा. रॉकेल पुरायचं नाही. म्हणून कात्री. आली पोर की बसव दगडावर."

चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीसाठी त्यांचे आभार मानत आले, ती त्यांनी केलीच नव्हती. त्यांनी उवा काढल्या होत्या.

तेवढ्यात सुगंधा बोलली. "बाई, माझी वेणी माझ्या आईनं घातली होती. तिसऱ्या दिवशी आई गेली. बापानं मला तुमच्याकडं आणून सोडलं तवा वेणी तशीच होती. मी सोडू देत नव्हते कुणाला. तुम्ही कापून चुलीत टाकली."

परसात कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं.

"मला सांगायचं होतंस, पोरी," बाई म्हणाल्या.

"मला मराठी कुठं येत होती? गोंडीतून सांगितलं की. लई ओरडून सांगितलं."

बाईंनी हात पुढे केला. तो चाचपडत सुगंधाच्या खांद्यावर, तिथून वेणीवर गेला. त्या शेंड्यापर्यंत हात नेत राहिल्या. "चांगले राखलेस," एवढंच म्हणाल्या.

"पुन्हा कापले न्हाईत," सुगंधा म्हणाली. पण तिनं वेणी ओढून घेतली नाही.

परतीच्या गाडीत मी मानपत्र काढलं आणि ती ओळ खोडायला पेन उघडलं. सुगंधानं हात धरला.

"खोडू नको. तुझं खरं हाय. माझा नर्सिंगचा फॉर्म बाईंनीच भरला, माझ्यासंगं नांदेडला बी आल्या. ते बी खरं हाय. पण 'आम्हां' लिहू नको. माझ्या नावानं आई लिहू नको."

"इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"तू दर खेपंला ती गोष्ट सांगतीस. मी दर खेपंला चहा आणायला उठते."

नुसरतनं माझ्याकडे पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा. मेळाव्याच्या माझ्या प्रत्येक यादीत 'चहा: सुगंधा' असं आहे. ती आपण होऊन उठते, म्हणून मीच लिहीत आले. मला वाटायचं तिला आवडतं.

भोकर गेल्यावर तोडगा नुसरतनं काढला. "तिघींनी आपापलं एकेक वाक्य लिहा आणि त्याखाली आपापली सही. भांडण नक्को. मानपत्र आहे, सातबारा नाही."

रात्री नांदेडला राहून रविवारी दुपारी लातूरला पोचले. दगड एक, कात्री एक, पण त्यांची आठवण आम्हां तिघींची, बाई धरल्या तर चौघींची, वेगवेगळी. मला वाटत होतं, मी आठवण सांगते आहे. मी फक्त माझी सांगत होते, आणि 'आम्हां' म्हणून सांगत होते.

आज बुधवार. आमंत्रण दिलं. शाल घेतली. माझं वाक्य लिहून झालं, 'मला' असं. नुसरतचं आलं, झाडावर चढण्याबद्दल आहे, तसंच घेतलं आहे. फ्रेमवाला कालपासून मजकूर मागतो आहे, त्याला थांबवलं आहे. सुगंधाचं वाक्य आलेलं नाही. एरवी मी आतापर्यंत तीनदा फोन केला असता. तिच्या नावाच्या वर चार बोटं जागा सोडली आहे. ती पुरेल का, हेही तिला विचारायचं आहे.