दादूला विचार

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी बाबाला चमच्याने चहा पाजत होते. दोन चमचे गेले, तिसरा ओठावरून खाली आला. मी ओढणीने पुसला. तेव्हा बाबा म्हणाला, "आज तिथी कंची गं?"

हॉस्पिटलमधून चार दिवस आधी घरी आणला होता. डॉक्टरने सांगितलं होतं घरी न्या, खातील ते द्या. चार दिवस धड बोलला नव्हता आणि बोलला ते हे. मी म्हटलं, "उद्या संकष्टी ना, म्हणजे आज तृतीया."

"मंग भरती कवा?"

मला नाही सांगता आलं. मी कोळ्याची पोर, खाडीकाठी जन्मले, पंचेचाळीस वर्षांची झाले, वीस वर्षं पाटी घेऊन बाजारात बसते. मासा हातात घेतला की कालचा का आजचा सांगते. पण भरती कधी ते मला येत नाही. मी म्हटलं, "तुला कशाला रे आता भरती, चहा घे." तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. कसा बघत होता ते मला अजून सांगता येत नाही. मग म्हणाला, "दादूला इचार."

एवढंच. नंतर काय बोलला नाही. दुपारी गेला. तीन का सव्वातीन, घड्याळ कोणी बघितलं.

लोक आले, रडले, सगळ्यांनी विचारलं शेवटचं काय बोलला. मी सांगितलं काही नाही, झोपेतच गेला. माझ्या भावाला, प्रज्योतला पण तेच सांगितलं. खोटं का बोलले माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण नीट नाही. बापूस जाताना पोरीला सांगतो काय तर दादूला विचार. हे मी लोकांना काय म्हणून सांगू?

माझ्या बाबाचं नाव हरेश्वर. नाहूरच्या पलीकडे हायवे ओलांडला की आमचा कोळीवाडा, मग तिवरांची झाडी, मग खाडी. बाबाने एकाहत्तर वर्षं तिथेच काढली. शाळा चौथी. होडी स्वतःची, छोटी, मागे मशीन. खाडीत पूर्वीसारखं काही राहिलं नाही तरी तो रोज जायचा. चार बोईट मिळाले तरी जायचा. तोंडाने फटकळ. म्युनिसिपालिटीचा साहेब आला तरी त्याला तू. नगरसेवकाला तू. माझ्या सासऱ्याला लग्नात तू म्हणाला, त्यावरून केवढं झालं. नवरा गेल्यावर मी परत इथेच आले, तेव्हा सासऱ्याने ते परत काढलं होतं.

अख्ख्या जगात एका माणसाला तो तुम्ही म्हणायचा. दादूकाकांना.

दादूकाका विक्रोळीचे. मूळचे तिकडे बुलढाण्याकडचे, बौद्ध. कंपनीत फिटर होते, रिटायर झाले. सात-आठ वर्षांपूर्वी गळ घेऊन रविवारचे खाडीवर येऊन बसायचे. एकदा पाणी उतरलेलं बघून आत चिखलात चालत गेले आणि मांडीपर्यंत रुतले. वरून भरती लागली. बाबाने फळी टाकून, पोटावर सरपटत जाऊन त्यांना ओढून काढलं. काठावर आणून शिव्या दिल्या, "मरायला दुसरी जागा नाय गावली तुला?" तेव्हा तूच म्हणाला होता.

पुढच्या रविवारी दादूकाका परत आले. मला वाटलं पेढे-बिढे आणले असतील, जीव वाचवला म्हणून. काही आणलं नव्हतं. ओट्याखाली उभे राहिले, जय भीम केला आणि म्हणाले, "दादा, माझं काय चुकलं ते सांगा. मला समजून घ्यायचं आहे."

बाबा मला नंतर म्हणाला, "कल्पे, चाळीस वर्षांत मना कोन इचारला नाय." त्या दिवसापासून तुम्ही सुरू.

मग दर रविवारी. बाबा त्यांना होडीत घेऊन जायचा, चिखल कुठे धरतो कुठे सोडतो ते दाखवायचा, वारा, पाणी, सगळं. आणि दादूकाका बाबाला मशीन शिकवायचे. पासष्टीचा माणूस, ग्रीसमध्ये हात घालून पोरासारखा बसायचा. पूर्वी मशीन बंद पडलं की ते भांडुपला न्यायला लागायचं. नंतर बाबा नुसता आवाज ऐकून सांगायला लागला की हवा धरली आहे. दादूकाका असले की मशीनला हात लावायच्या आधी त्यांना विचारायचा, खोलू का. स्वतःचं मशीन, आणि विचारायचा.

एकदा ते बाबाला विक्रोळीला त्यांच्या विहारात घेऊन गेले, पोरांना खाडीबद्दल सांगायला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आला तो जेवलाच नाही. म्हणाला, "मना खुर्ची दिली. सगली खाली बसली व्हती, मंग मी पन खालीच बसलो. एक पोर इचारतंय, आजोबा, माशाला भरती कशी कलते? मना नाय सांगता आला. मी सांगितला, मना नाय म्हाईत. तरी टाल्या वाजवल्या."

कोळीवाड्यात बोलणी व्हायचीच. बाहेरच्याला खाडी शिकवतो, उद्या तेच जाळी घेऊन उतरतील. प्रज्योत तर तोंडावर म्हणायचा, "आपल्या घरचं लोकांना वाटतोस, वाट लागणार एक दिवस." बाबा म्हणायचा, "तू शिक ना मंग. तुना मोबाईल सोडवत नाय." प्रज्योत कुरियरच्या ऑफिसात आहे, त्याला काय करायची खाडी. दादूकाकांनी एकदाही जाळं टाकलं नाही, हे पण खरं.

आता एक सांगते. दादूकाकांचा कप आमच्याकडे वेगळा होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. वेगळा ठेवायचा असं कोणी ठरवलं मला माहीत नाही. आईने ठरवलं असणार. आई गेल्यावर मी तसाच चालू ठेवला, खिडकीत पालथा घालून. मी काय मुद्दाम केलं असं नाही, पण केलं. एक दिवस बाबाने बघितलं मी तो कप खिडकीतून काढताना.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःचा चहा त्या कपात मागितला. मग रोज तोच. दादूकाका आले की त्यांना बाबाचा स्टीलचा ग्लास. मला ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटच्या दिवशीचा चहा पण मी त्याच कपातून पाजत होते.

आणि मला का नाही शिकवलं? हेच माझ्या डोक्यात फिरतं. मी बारा वर्षांची असताना त्याला म्हटलं होतं, मला पण ने खाडीत. तो हसला होता. म्हणाला, "तू लगीन करून जाशील, तुझ्यासंग माझी खाडी पन जायाची." मी परत आले, वीस वर्षं त्याच्याच घरी राहिले, तरी नाही. आणि विक्रोळीच्या माणसाला सगळं.

तिसऱ्या दिवशी अस्थी सोडायच्या होत्या. आमच्याकडे एकच गोष्ट बघतात, पाणी उतरायला लागलेलं पाहिजे. उतरत्या पाण्यात सोडलं की माणूस वाशीकडून समुद्रात जातो. चढत्या पाण्यात सोडलं तर परत आत येतो, तिवरात अडकतो. आजोबांच्या वेळेला बाबाने बघितलं होतं, आईच्या वेळेला पण बाबानेच. आता बघणार कोण?

दादूला विचार. माझ्या तोंडावर आलं होतं. फोन पण हातात घेतला. मग ठेवला. प्रज्योत म्हणाला, "कशाला टेन्शन घेतेस, ॲप आहे ना." त्याने मोबाईलमध्ये बघितलं, पावणेचारला भरती पूर्ण. म्हणजे चारला धक्क्यावर पोचलो की झालं.

चारला आम्ही धक्क्यावर. पंधरा-वीस माणसं. दादूकाका पण आले होते, मागे, चपला काढून उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, मयताला पण ते असेच आले होते.

अस्थी सोडायच्या आधी आमच्याकडे एक फूल पाण्यात टाकतात. मला वाटायचं देवासाठी. मी झेंडू टाकला. प्रज्योतने मडकं उचललं. आणि झेंडू चालला ऐरोलीच्या पुलाकडे. आत. वाशी राहिली तिकडे, फूल जातंय उलटं.

मला काय कळेना. ॲप सांगतं भरती झाली, पाणी तर अजून आत येतंय. प्रज्योत म्हणाला, "वाऱ्याने जात असेल, सोडू का?" मी म्हटलं, "थांब." वारा नव्हताच. कोणी म्हणालं सोडा, कोणी म्हणालं थांबा, एक म्हातारी म्हणाली हरेश्वर असता तर सांगितलं असतं. मी मागे बघितलं. दादूकाका फुलाकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. माहीत असून माणूस गप्प उभा आहे, मला रागच आला.

मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "दादूकाका, भरती कधी आहे?"

लगेच म्हणाले, "साडेचारला, ताई. मग पाणी फिरेल."

प्रज्योत म्हणाला, "आता हे आपल्याला खाडी सांगणार?"

"मी कुठं सांगतोय, बाबा. ताईंनी विचारलं."

मी म्हटलं, "मग आधी का नाही बोललात? आम्ही सोडत होतो."

"दादांची अट होती. खाडीवर कोळी उभा असेल तर आपण तोंड उघडायचं नाही. त्यांनी विचारलं तरच. आता तुम्ही मडकं कलतं केलं असतं तर मी काय केलं असतं, मलाच समजत नव्हतं."

मी प्रज्योतला मडकं खाली ठेवायला सांगितलं.

मग सगळे धक्क्यावर बसले. कोणीतरी टपरीवरून चहा आणला. दादूकाकांनी मला सांगितलं, पौर्णिमेला-अमावास्येला भरती बाराला, पुढे एक तिथी म्हणजे पाऊण तास. आज पंचमी, पाच पाऊण तास. मी बोटांवर मोजलं. पावणेचार. ते म्हणाले, "बरोबर. पण हे मुंबईच्या बंदराचं झालं. तुमच्या खाडीत एवढ्या आत पाणी यायला अजून पाऊण तास. ॲपला ते माहीत नाही." तुमच्या खाडीत म्हणाले. एवढं सोपं होतं. मला वाटायचं बाबाकडे काय मोठं गुपित आहे.

मी विचारलं, "मला का नाही शिकवलं त्याने?"

 मग म्हणाले, "मी एकदा विचारलं होतं दादांना. म्हणाले, ती विचारत नाही."

"विचारलं होतं मी. बारा वर्षांची होते."

"बारा वर्षांच्या," ते म्हणाले. "मग हे मला सांगितलं नाही त्यांनी."

आता यातलं काय धरू. तो विसरला होता, का लक्षात होतं म्हणूनच वाट बघत होता? त्या दिवशी भरती कधी विचारलं ते मला शिकवायला, का त्याला वाटलं होडी काढायची आहे, का ह्या दिवसासाठीच विचारत होता? आणि दादूला विचार म्हणजे तुला येत नाही असं, का अजून विचारता येईल असं? मी रोज उलटसुलट करून बघते. प्रज्योतला नंतर सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा शेवटी भ्रमात होता गं." असेल पण.

साडेचार वाजून गेले. पाणी थांबल्यासारखं झालं, ना इकडे ना तिकडे. झेंडू लांब एका खुंटाला टेकून राहिला होता. मी दादूकाकांकडे बघितलं, आता का? ते पाण्याकडे बघत राहिले. मी परत बघितलं. त्यांनी चहाचा कागदी कप खाली ठेवला, हात पुसले, आणि गप्पच.

खुंटावरून झेंडू सुटला. हळू हळू आमच्याकडे आला, धक्क्याच्या दगडाला लागला, आणि वाशीच्या बाजूला निघाला.

मी म्हटलं, "प्रज्या, सोड."